दहावीनंतरची सहा वर्षं

दहावीचा निकाल लागून आठ दिवस होत नाहीत, तोच घराघरांत एक वाक्य ऐकू यायला लागतं. ‘हिला डिप्लोमाला घाला, एक वर्ष वाचतं.’ सांगणारे कोण? कुणाचा तरी मामा, कुणाचे शिक्षक शेजारी, नाहीतर नेट कॅफेवाला. त्यांचं म्हणणं असं, की डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे पहिलं वर्ष वाचलंच की!

मैत्रिणींनो, पोळ्या लाटता लाटता बोटांवर मोजून बघा. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनीअरिंगची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन वर्षं आणि थेट दुसऱ्या वर्षापासून पुढची तीन, झाली सहाच. कुठं वाचलं वर्ष? डिग्री हातात पडते ती दोन्हीकडून दहावीनंतर सहा वर्षांनीच.

मग डिप्लोमा घेऊच नये का? तर तसं मुळीच नाही. मी तर उलट सांगणार आहे. फक्त ज्या कारणासाठी लोक तो घ्यायला सांगतात, ते कारण चुकीचं आहे. खरं कारण वेगळं आहे आणि ते मुलींच्या बाबतीत जास्त लागू पडतं.

सहा वर्षांचा रस्ता सारखाच, पण मधले थांबे वेगळे आहेत. बारावीच्या रस्त्याला पहिला थांबा दोन वर्षांनी येतो. तिथं हातात बारावीचं मार्कशीट असतं आणि पुढची सगळी भिस्त सीईटीवर, नीटवर नाहीतर जेईईवर. डिप्लोमाच्या रस्त्याला थांबा तीन वर्षांनी येतो, पण तिथं उतरलं तरी हातात काहीतरी असतं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची पदविका असते. तिच्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसता येतं, रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनीअरचा फॉर्म भरता येतो, एमआयडीसीतल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागता येतं. आणि पुढं शिकायचं तर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो, त्याला सीईटी नाही.

आता हा थांबा मुलीच्या कोणत्या वयात येतो ते बघा. बारावी होते तेव्हा ती सतरा-अठराची असते. आणि आपल्याकडे अठरा पूर्ण झाली की काय सुरू होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आत्याबाईंच्या ओळखीतलं स्थळ येतं. मुलगा एकुलता एक असतो, शेती असते, पुण्यात फ्लॅट बुक केलेला असतो.

आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी. बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के. सीईटीत कमी पडली. क्लास लावलेला नव्हता, पुस्तकं शेजारच्या दादाची जुनी. मग तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं, ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणून. घरी बसण्यापेक्षा बरं, या तीन शब्दांत तिचं शिक्षण किती पातळ झालं होतं! पहिलं वर्ष संपायच्या आत साखरपुडा झाला. सासरी कबूल केलं होतं की शिकवू. शिकवलं नाही. आज ती मुलांच्या शिकवण्या घेते आणि छान घेते, पण तिच्या हातात कागद आहे तो बारावीचा.

डिप्लोमा केला असता तर तिचं लग्न लांबलं असतं असं मी म्हणत नाही. कदाचित लांबलंही नसतं. पण मुलींचं शिक्षण मध्येच तुटतं, हे आपण सगळ्याजणी बघतो. तुटूच नये म्हणून भांडायचं, ते भांडायचंच. पण तुटलंच तर कुठं तुटेल, याचाही विचार आईनं पंधराव्या वर्षी करून ठेवायला हवा. मुलगा बारावीनंतर एक वर्ष ‘रिपीट’ करतो, त्याला पुन्हा क्लास लावतात. मुलीला रिपीट करायला किती घरं देतात? जिला दुसरी संधी मिळायची खात्री नाही, तिच्या हातात काहीतरी लवकर पडावं, असं मला वाटतं. डिप्लोमाच्या बाजूनं माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच.

पण हे सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं. एक काकू मला म्हणाल्या, “अहो, एक्क्याण्णव टक्के आहेत तिला! डिप्लोमाला काय कमी मार्कवाली मुलं जातात.” लोक काय म्हणतील, हा खरा प्रश्न होता. डिप्लोमाचे प्रवेश दहावीच्या मार्कांवरच होतात आणि चांगल्या सरकारी तंत्रनिकेतनात मागणीची शाखा हवी तर चांगलेच मार्क लागतात, हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. पास झालेल्या कुणालाही डिप्लोमाला अर्ज करता येतो, म्हणून तो कमी मार्कवाल्यांचा, असा समज पसरला असावा.

त्याच काकूंनी दोन वर्षांपूर्वी मुलाला बाहेरगावी ‘इंटिग्रेटेड’ला ठेवलं होतं. या शब्दाचा दरारा हल्ली फार आहे. इंटिग्रेटेड म्हणजे नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि शिकणं कोचिंग क्लासमध्ये, किंवा क्लासच कॉलेजात येऊन शिकवणार. बोर्ड आणि सीईटी, नीट, जेईई एकदम. ऐकायला सोयीचं वाटतं. पण त्यात कॉलेज नावापुरतं उरतं, प्रॅक्टिकल वह्या भरण्यापुरती उरतात. हे इतकं वाढलं की 2018 साली राज्य सरकारनं अकरावी-बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा उमटायला लागला म्हणून क्लास काही थांबले नाहीत. फी लाखांत असते, वर खोलीभाडं आणि मेस. आणि दोन वर्षांनी परीक्षेत नाही जमलं, तर त्या लाखांचा कुठलाही दाखला मिळत नाही. हातात तेच बारावीचं मार्कशीट.

मला राग क्लासचा नाही. डॉक्टर व्हायचं ज्याच्या मनात पक्कं आहे त्याला ती तयारी लागतेच. राग याचा आहे की घरात पैसे एकाच मुलाला पुरतील एवढे असले की इंटिग्रेटेडला जातो तो मुलगा आणि गावातल्या अकरावीला राहते ती मुलगी.

तिसरा एक शब्द कानावर येतो, बायफोकल. अकरावी-बारावीत दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्याऐवजी दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय घ्यायचा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, मत्स्यशास्त्र असे विषय असतात, कॉमर्सला बँकिंग असतं. निम्मे मार्क प्रॅक्टिकलचे, त्यामुळं बारावीची टक्केवारी वर जाते. विषयही चांगला आहे, कॉम्प्युटरवाली मुलं पुढं त्याचा उपयोग करतात. पण सीईटीत त्याला काही वजन नाही. आणि मराठी सुटते, तेवढं आधी लक्षात असू द्या. नाहीतर दिवाळीत कळतं आणि मग आई हळहळते.

आता डिप्लोमाची दुसरी बाजूही सांगते, कारण ती सांगणारं कुणी भेटत नाही. दहावीनंतर डिप्लोमा घेतला की बायोलॉजीचा रस्ता बंद होतो. एमबीबीएस, बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग, दोन वर्षांचा डी.फार्म या सगळ्यांना बारावी सायन्स लागते. मुलगी पंधरा-सोळाची असते. तिच्या मनात नर्स व्हायचं असेल, फार्मसीचं असेल, तर ‘एक वर्ष वाचतं’ या खोट्या हिशेबापायी तिला डिप्लोमाला ढकलू नका. गणिताची जिला मनापासून धास्ती आहे तिलाही नको, कारण पहिल्याच वर्षी गणित समोर उभं राहतं.

आणि पहिलं वर्ष अवघड जातं. मराठी माध्यमातून गेलेल्या मुली सांगतात, पहिले दोन महिने सर काय बोलतात तेच कळत नव्हतं. नव्वद टक्क्यांची मुलगी दोन विषयांत नापास होते आणि घरी सांगत नाही. अशा वेळी आई-वडिलांनी ‘एवढे मार्क होते, आता काय झालं?’ असं विचारलं की पोर आणखी मिटून जाते. तंत्रशिक्षण मंडळानं अलीकडे इंग्रजीसोबत मराठीचा वापर करण्याची द्विभाषिक सोय आणली आहे. आपण बघतोय त्या कॉलेजात ती आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं. पुढं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर पुन्हा गणित जड जातं. बारावीहून आलेल्या मुलांचं तोवर एक वर्षाचं जास्त गणित झालेलं असतं. उलट लॅबमध्ये आणि वर्कशॉपमध्ये डिप्लोमाची मुलं पुढं असतात, कारण हात आधीच काळे झालेले असतात.

हात काळे व्हायचंही मनात घ्यावं लागतं बरं का. पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं, कानस घेऊन लोखंड घासावं लागतं, सुतारकाम असतं. एका बाबांनी मुलीचे हात बघून शाखाच बदलून घेतली, मेकॅनिकलची कॉम्प्युटर केली. मुलगी म्हणत होती, मला मशिनं आवडतात. कॉम्प्युटर म्हणजे एसीत बसून काम, मुलींना बरं, असा आपला सगळ्यांचाच एक ठरलेला विचार. पण लहान गावात राहून नोकरी करायची असेल तर सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलचा विचार करायला हरकत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि बांधकाम खात्याच्या जागा सिव्हिलला निघतात, आणि त्या आपल्याच जिल्ह्यात असू शकतात.

‘बाहेरगावी एकटी कशी ठेवायची?’ हा पुढचा प्रश्न. लातूर, यवतमाळ आणि तासगावला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनं आहेत. कॉलेज मुलींचं आणि राहण्याची सोयही तिथंच. गंमत बघा, लातूर म्हटलं की सगळ्यांना क्लास आठवतात, हे कॉलेज किती जणींना माहीत आहे? बाकीच्या तंत्रनिकेतनांतही मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. जागा भरत नाहीत म्हणून त्या मुलांकडे जातात, हे ऐकलं की जीव हळहळतो.

पैशाचं बोलायचं तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या काही जागा प्रत्येक कॉलेजात असतात आणि त्या गुणवत्तेवर मिळतात. शिवाय 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. म्हणजे डिप्लोमानंतर डिग्रीला पैसे कुठून आणायचे, ही धास्ती बऱ्याच घरांतून कमी व्हायला हवी. अट एकच, प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. वसतिगृह, मेस, एसटीचा पास हा खर्च मात्र उरतोच, तो आधी मांडून बघावा.

यासाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, जातीचा दाखला ही कागदं लागतात. निकालानंतर सेतू केंद्रात जी रांग लागते ती बघवत नाही. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीतच हे काम उरकून टाका. वडिलांना सुट्टी नसते, तुम्ही जा आणि मुलीला बरोबर न्या. तहसील कचेरी कशी असते ते तिलाही कळू दे.

आणि जिचं अकरावीला नाव घालून झालंय तिनं घाबरून जाऊ नये. बारावी सायन्स झाल्यावरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मग दोन वर्षांत पदविका. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलीलाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. सीईटीत कमी पडलेल्या, बीएस्सीला ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणून निघालेल्या मुलीला हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं. मागच्या गल्लीतल्या त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

फॉर्मबद्दल एक महत्त्वाचं. डिप्लोमाच्या ऑनलाइन अर्जात कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमानं टाकाव्या लागतात. पहिल्या नंबरावर टाकलेली जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत दुसरी मागता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरावर काय लिहायचं ते घरी कागदावर लिहून न्या. नेट कॅफेवाला दादा घाईत असतो, मागं रांग असते, तो ‘कॉम्प्युटर टाकू का?’ असं विचारतो आणि टाकूनही मोकळा होतो. सरकारी तंत्रनिकेतनांत सुविधा केंद्रं असतात, तिथं जाऊन शंका विचारता येतात. आणि फॉर्म भरताना कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत वडील नकोत, मामा नको, मुलगी बसलेली असू दे.