खाडीवर पूल झाला की कोकम कोण घेणार?

गेल्या थंडीत जुम्याची नमाज आटोपून आम्ही गाडी काढली आणि अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट करीत रात्री उशिरा मुरुड गाठले. पुढचे दोन दिवस समुद्राच्या कडेने हिंडलो. आयुष्यभर कापडाचे तागे मोजणाऱ्याने निसर्गाचे वर्णन करू नये, ते शायरांचे काम. आम्ही पाहिली ती तिजारत.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी, आणि १६१० साली आपले शहर खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबरही हबशीच. नाते एवढे जुने, पण मुरुडच्या बाजारात हिमरू म्हणजे काय, असे विचारणारा कापड दुकानदार आम्हाला भेटला. यात दोष त्याचा नाही, आपला आहे. आपण माल वेरूळच्या वाटेवर मांडतो आणि गिऱ्हाईकाची वाट पाहत बसतो.

आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, आणि बागमांडल्याहून वेसवी. दोन्ही खाड्यांवर मोटार बोटीत चढवावी लागते. तिकडे तिला जंगल जेटी म्हणतात. बागमांडल्याला पाऊण तास तिष्ठलो. इंजिन बंद झाले की माणूस खाली उतरतो, आणि उतरला की हात खिशात जातो. चहा, आमसूल, सुपारी, कुळथाचे पीठ, सारे खपत होते. वारा होता म्हणून आमच्या मंडळींनी नमुन्याची हिमरू शाल अंगावर घेतली होती. पुण्याच्या एका बाईंनी किंमत विचारली. बोट लागेपर्यंत गाडीतल्या सहापैकी चार शाली गेल्या, तेही घासाघीस न होता. दुकानात चार शालींना कधी आठवडा लागतो.

वेसवीला उतरल्यावर कोकम विकणाऱ्या बाईने मात्र विचारले, "भाऊ, पूल झाला की आम्ही कुठे बसायचं?"

प्रश्न खरा आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांनी मनावर घेतलेला रेवस-रेडी सागरी मार्ग आता खाडीपुलांसह पुढे सरकत आहे. पूल हवेतच. रात्री आजारी माणसाला घेऊन बोटीची वाट पाहणाऱ्याला विचारा. पण समृद्धी महामार्गाने काय केले, हे आपण घरबसल्या पाहिले. पूर्वी विदर्भातून मुंबईला जाणारी गाडी जालन्यावरून आपल्या शहरात शिरत असे, जेवणाला थांबत असे, आणि बायका एखादे कापड उलगडून पाहत. डिसेंबर २०२२ पासून ती सावंगीजवळून सरळ निघून जाते. आमच्या गल्ल्याला तिची गैरहजेरी कळते. रस्ता ७०१ किलोमीटरचा, पण त्यावर आपल्या विणकराला टेकायला जागा नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या उभ्या करण्याची जागा आणि गाळे नकाशातच धरावेत, आणि ते आधी धक्क्यावर बसणाऱ्यांना मिळावेत. पूल झाल्यावर अर्ज करून गाळा मिळत नाही, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. आपल्या बिरादरीनेही सावंगी आणि माळीवाड्याच्या तोंडाशी अशी जागा मागायला हवी होती. आपण तेव्हा झोपलो होतो.

त्या बाईशी आमचे बोलणे झाले आहे. दिवाळीच्या सुटीआधी डझनभर शाली वेसवीला जातील. विकल्या तर हिशेब, नाही तर माल परत. पूल होईपर्यंत.