वॉकर नको, पांगुळगाडा चालेल

औषधी दुकानात बाळघुटीच्या शेजारी चाकांचा वॉकर मांडावा काय? अंजनगाव सुर्जीतील विक्रेत्यांस आमचे उत्तर नकाराचे आहे. बालकास बसवून ठेवू नये, कुब्जता येते, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात बजावले आहे. खेळणे प्राणघातक नसावे, ही चरकाचार्यांची अट. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री व आयात बंद केली. कारण त्यात बसलेले मूल क्षणार्धात जिन्यापर्यंत पोहोचते, आणि त्यामुळे ते लवकर चालू लागते असेही नाही. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. मूल स्वतः उभे राहून तो ढकलते, भार पायांवरच राहतो. (तोही पायऱ्यांपासून दूरच बरा.) वॉकर मागणाऱ्या मातेस वैद्यबंधूंनी अभ्यंग आणि जमिनीवरची सतरंजी सुचवावी. दुकानातील शिल्लक नग पुरवठादारास परत पाठवावेत, ही विनंती.