विश्वासाला नोंदणीची जोड

शेतकऱ्याला भागीदारी नवी नाही. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल आणि दोघांचे मिळून एक औत ही सावड गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यासाठी कोणी कागद मागितला नाही. कारण व्यवहार गावातल्या गावात होता, गुंतवणूक थोडी होती आणि वाद उद्भवलाच तर तो चावडीवर मिटत असे. आज तीच सावड द्राक्षबाग, हरितगृह वा सामाईक ट्रॅक्टरच्या रूपाने उभी राहते. गुंतवणूक लाखांच्या घरात जाते, माल परराज्यात विकला जातो. तरीही अनेक ठिकाणी भागीदारी मात्र शब्दावरच चालते. विश्वास हवाच; पण विश्वासाला लेखी करार व नोंदणी यांची जोड देणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, हे आता शेतकरी समाजाने मनावर घेतले पाहिजे.

यासंबंधी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मुद्रांकावर करार लिहिला, नोटरीचा शिक्का घेतला की नोंदणी झाली, असे मानले जाते. वस्तुतः भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार नोंदणी होते ती भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे. कलम ५८ अन्वये संस्थेचे नाव, व्यवसायाचे ठिकाण, प्रत्येक भागीदाराचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता व सामील होण्याचा दिनांक आणि भागीदारीची मुदत नमूद करून सर्व भागीदारांच्या सहीने विवरण दाखल करावे लागते. मुद्रांक व नोंदणी शुल्क राज्यागणिक भिन्न असते.

केंद्रीय कायद्याने ही नोंदणी सक्तीची केलेली नाही, आणि नेमका येथेच धोका दडला आहे. समजा, तीन बागायतदारांनी भागीदारीच्या नावे द्राक्षे परप्रांतीय व्यापाऱ्यास दिली आणि त्याने पैसे बुडवले. संस्था नोंदणीकृत नसेल, तर कलम ६९ नुसार करारातून मिळणाऱ्या त्या हक्कासाठी तिला व्यापाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येत नाही. व्यापाऱ्यास मात्र संस्थेविरुद्ध दावा लावण्याची मुभा असते! दावा लावल्यानंतर धावपळ करून केलेल्या नोंदणीने हा दोष दूर होत नाही. भागीदारांचे आपसांतील हक्कही याच कचाट्यात सापडतात. भागीदारी विसर्जित करण्यासाठी अथवा विसर्जित संस्थेच्या हिशेबासाठी तेवढा न्यायालयाचा दरवाजा उघडा राहतो. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तोही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. थोडक्यात, नोंदणीवाचून भागीदारी मोडण्यासाठी न्यायालयाची पायरी चढता येते, टिकवण्यासाठी नाही.

करारातील मौनही महागात पडते. एकाने विहीर खोदली, दुसऱ्याने पाच लाख रुपये घातले आणि तिसरा वर्षभर बागेत राबला. पण वाटा लिहिला नाही, तर कायदा नफा-तोटा समान धरतो आणि राबणाऱ्यास वेगळी मजुरी देत नाही. मुदत ठरलेली नसेल, तर एका भागीदाराच्या नोटिशीने संस्था विसर्जित होऊ शकते. एखादा भागीदार निधन पावल्यास, विरुद्ध करार नसेल तर, भागीदारी संपते, मग पीक शेतात उभे का असेना! म्हणून मुदत, वाटा, कामाचा मोबदला, बाहेर पडण्याची रीत, उभ्या पिकाचे मूल्यांकन आणि वारसांचा हिशेब हे सारे आरंभीच लिहिलेले असावे.

जमिनीबाबत विशेष दक्षता हवी. सातबारा ज्याच्या त्याच्या नावे राहणार आणि भागीदारीस केवळ वापर मिळणार असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. अन्यथा ती संस्थेची मालमत्ता ठरते की काय, असा वाद उद्भवू शकतो. वापराचा करार करण्यापूर्वी कूळकायद्याच्या दृष्टीने वकिलाचा सल्ला घेणेही इष्ट.

भागीदारी हा सर्वांसाठी एकमेव मार्ग आहे, असे मात्र नव्हे. कलम २५ नुसार संस्थेच्या कर्जास प्रत्येक भागीदार संयुक्तपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. बँकेचे देणे एकाने थकवले, तर त्याचा भार दुसऱ्याच्या घरावर येऊ शकतो. हे पेलणार नसेल, तर दहा वा अधिक उत्पादकांना कंपनी कायद्याखाली उत्पादक कंपनी स्थापन करता येते. केवळ पीककर्ज हवे असेल, तर संयुक्त देयता गट पुरेसा असतो, मात्र त्यातही सदस्य एकमेकांच्या कर्जास संयुक्तपणे जबाबदार असतात. दोन-चार शेतकऱ्यांच्या एकत्रित व्यवसायास मात्र भागीदारी सोपी व सुटसुटीत ठरते.

नोंदणीसाठी खर्च येतो, हेलपाटे पडतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु एका हंगामाच्या बुडालेल्या रकमेपुढे तो खर्च नगण्य होय. ‘भावासारख्या माणसाकडून सही कशी मागायची?’ हा संकोच त्याहून मोठा अडसर आहे. सही मागण्याची योग्य वेळ तीच असते, जेव्हा मने स्वच्छ असतात. मने दुरावल्यावर कोणी सही देत नाही. बांधावरचा दगड शेजाऱ्यावरील अविश्वासापोटी रोवला जात नाही. दोन घरांची पुढची पिढी भांडू नये, म्हणून तो तेथे असतो. भागीदारीची नोंदणी हा तसाच एक दगड आहे, आणि तो पेरणीपूर्वीच रोवलेला बरा.