टाळी नटाला, मान कुळाला: थाळनेरच्या जावयाचा विसरलेला इतिहास

१/ पारोळ्याच्या इतिहासप्रेमींना काही गोष्टी मुखोद्गत असतात: १७२७ साली बांधलेला भुईकोट, झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेले नाते, १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जप्त करून उद्ध्वस्त केलेली तटबंदी. हे नेवाळकर मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडील कोट गावचे. किनाऱ्याकडून आलेल्या जहागीरदारांविषयी खानदेशाला वाटणारा अभिमान रास्तच आहे. पण किनाऱ्याकडून एखादा नट आला, तर त्याच्या वाट्याला काय येते?

२/ उत्तराची सुरुवात नेवाळकरांपासूनच होते. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव हे नाट्यवेडे राजे. झाशीत त्यांची नाटकशाळा होती आणि ते स्वतः स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या स्त्रीवेषाचा उल्लेख विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही येतो. राणीच्या तलवारीचे आपण पोवाडे गातो. राजाच्या रंगभूमीचा विषय निघाला, की मात्र ओठांवर हसू येते. ज्याच्या हाती शस्त्र तो पूर्वज आणि ज्याच्या चेहऱ्याला रंग तो चेष्टेचा विषय, ही वाटणी कोणत्या पुराव्यावर झाली?

३/ पारोळ्याच्या उत्तरेला, तापीकाठी, शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी. १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपने किल्ला घेतल्यावर किल्लेदार तुळशीराम यांना फासावर चढवले, ते हेच गाव. आज मात्र त्याची ओळख ‘लतादीदींचे आजोळ’ अशी सांगितली जाते. येथील गुजराती व्यापारी हरिदास लाड यांची कन्या नर्मदा मास्टर दीनानाथांना दिली होती. तिच्या निधनानंतर १९२७ मध्ये धाकटी बहीण शेवंती हिचा विवाह त्यांच्याशीच झाला. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या भावंडांच्या माई त्या याच.

४/ ‘आजोळ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात विश्वविख्यात नात येते आणि नाटकवाला जावई अलगद गळून पडतो. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. आई येसूबाई देवळाच्या सेवेतील कलावंत समाजाच्या. वडील गणेशभट त्याच देवळाचे पुजारी. ही माहिती गुप्त नाही, चरित्रांतून छापलेली आहे. तरीही अभिमानाच्या लेखनात येसूबाईंचे नाव क्वचितच भेटते.

५/ कलावंत समाजाची स्थिती नीट समजून घ्यायला हवी. उत्सव असो, पालखी असो, देवापुढे गाण्या-नाचण्यासाठी या स्त्रिया हव्याच असत. त्यांच्या गळ्यावाचून सोहळा अपुरा राही. मात्र त्यांच्याशी जडलेल्या नात्याला विवाहाची प्रतिष्ठा नव्हती आणि त्यातून झालेल्या मुलाला पित्याचे आडनाव मिळत नसे. देवळाला आवाज हवा होता. तो ज्या घरातून येई, ते घर मात्र पंक्तीला चालत नव्हते.

६/ म्हणूनच ‘मंगेशकर’ हे आडनाव इतके महत्त्वाचे ठरते. ते गावाचे आहे आणि त्या गावच्या दैवताचे आहे. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी ‘मंगेशकर मूळचे हर्डीकर’ असा शोध लागल्याच्या थाटात मजकूर फिरतो. पितृकुळ पाहता तो खोटा नाही, पण त्यामागची ओढ तपासण्याजोगी आहे. जे नाव ते कुळ त्या मुलाला देऊ शकले नाही, ते त्याच्या कीर्तीनंतर त्याला चिकटवणे म्हणजे संशोधन नव्हे. ते प्रतिष्ठेचे उशिरा केलेले दत्तकविधान आहे.

७/ याच नावाने दीनानाथ रंगभूमीवर गाजले. किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील त्यांची लतिका प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. पुरुषाने साकारलेल्या लतिकेवर तोच समाज भाळत होता, जो आपल्या लेकीसुनांना रंगमंचाची पायरी चढू देत नव्हता.

८/ यावर पहिला बचाव ठरलेला असतो: ‘तो काळच तसा होता.’ काळ कधीच एकजिनसी नसतो. त्याच काळात गोव्यात राजाराम पैंगणकर कलावंत समाजातूनच उभे राहिले, देवदासी प्रथेविरुद्ध आणि शिक्षणासाठी झटले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘मी कोण?’ असे आहे. आणि त्याच काळात तापीकाठच्या एका व्यापारी घरातल्या दोन मुली, एकीमागून एक, एकाच नटाला दिल्या गेल्या. थाळनेरने अभिमान बाळगावा तो या गोष्टीचा. तिरस्कार अटळ नव्हता. तो ज्यांनी केला, त्यांनी तो निवडला होता.

९/ दुसरा बचाव अधिक गोड असतो: ‘जात कशाला काढता? कला पाहा.’ मग ‘मूळचे हर्डीकर’ सांगताना जात निघत नाही काय? पित्याचे कुळ म्हणजे इतिहास आणि आईचे कुळ म्हणजे आगाऊपणा, हा न्याय कोणता? केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिकांनीही गावाचेच नाव लावले. १९७७ मध्ये केसरबाईंचा स्वर व्हॉयेजर यानातील तबकडीवरून अंतराळात गेला. त्यांच्या घराण्याची गायकी सांगताना ज्या समाजाने तो गळा घडवला, त्याला वगळणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे.

१०/ हा प्रश्न १९४२ मध्ये, ४१ वर्षांचे दीनानाथ पुण्यात निवर्तले तेव्हा, संपलेला नाही. खानदेशातील यात्रांत आजही तमाशाचे तंबू लागतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी लादून ती उठवली. सुधारणा करायची ती कलावंताची, प्रेक्षकाची नव्हे, असे जणू ठरलेलेच होते. रात्री शिट्ट्या वाजवणारा गाव सकाळी त्याच बाईला पाणी देताना तोंड फिरवतो. पन्नास वर्षांनी तिची नात प्रसिद्ध झाली, तर हाच गाव वेशीवर ‘आजोळ’ म्हणून फलक लावील.

११/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांकडून मागणी मोठी नाही. थाळनेरची गोष्ट सांगताना मंगेशीच्या येसूबाईंचे नाव घ्यावे. पारोळ्याच्या किल्ल्यावर नेवाळकरांविषयी बोलताना गंगाधररावांच्या नाटकशाळेचाही उल्लेख करावा, आणि तो हसू न आणता करावा. ज्यांच्या गाण्यावर आपण टाळ्या वाजवतो, त्यांच्या आयांची नावे लिहून ठेवणे हे इतिहासकाराचे कामच आहे.