गाडी ओरडते, ऐकतो कोण?

माकणी आणि लोहारा तालुक्यातील लोकांना आवाजाचे मोल वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, त्या भागात जमिनीतून आवाज येत होते, धक्केही जाणवत होते. पण पुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणालाच सांगता आले नाही. गाडीचे तसे नाही. तिच्या बहुतेक आवाजांचा अर्थ ठाऊक आहे आणि गावातल्या मिस्त्रीलाही तो कळतो. तरीही आपण गाण्याचा आवाज मोठा करतो आणि गाडी पुढे दामटतो.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुणांनी कर्ज काढून जीप किंवा टेम्पो घेतला. 1978 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनांतूनही वाहनासाठी कर्ज मिळाले. अशा घरात गाडी ही चैन नसते. तिच्यावर चूल पेटते. ती चार दिवस गॅरेजला उभी राहिली की हप्ता थकतो. म्हणून ‘लग्नसराई निघू दे, मग बघू’ असे म्हटले जाते. ही अडचण खरी आहे. पण दुरुस्ती पुढे ढकलली म्हणून खर्च टळत नाही. ब्रेकचे पॅड वेळेवर बदलले तर काम तेवढ्यावर भागते. ते संपून लोखंडावर लोखंड घासू लागले की डिस्कही जाते. आणि ऐन उतारावर ब्रेक लागला नाही तर हिशेब पैशांत मांडता येत नाही.

आवाज कोठून येतो, हे आधी ओळखावे. गाडी सपाट जागी उभी करावी, हॅन्डब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवून रेस द्यावी. उभ्या गाडीतही आवाज आला आणि रेसबरोबर वाढला, तर दोष बहुधा इंजिनाकडे किंवा पट्ट्याकडे आहे. गाडी चालतानाच येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर चाक, बेअरिंग, ब्रेक किंवा टायर पाहावा.

काही आवाज ऐकताच गाडी बाजूला घेऊन थांबावे. ब्रेक दाबताना करकर घासल्यासारखा आवाज येणे, चाकाकडून खडखड येऊन गाडी डगमगणे, इंजिनातून जोराची ठकठक येणे किंवा ऑईलचा लाल दिवा लागणे, ही ती लक्षणे आहेत. चाकाचे नट सैल झाले असतील तर चाक निखळू शकते. ऑईल नसताना इंजिन चालवले तर ते जाम होते, आणि मग नवे इंजिन बसवण्याइतका खर्च येतो. बॉनेटखालून वाफेचा फुसफुस आवाज आला तर इंजिन बंद करावे. पण गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते.

काही आवाजांना दोन-चार दिवसांची सवड असते, महिन्यांची नाही. सकाळी गाडी सुरू करताना चीं असा आवाज येतो, तो बहुधा सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याचा. पट्टा तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि कित्येक गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं, वळण घेताना बदलणारी, ही बेअरिंगची खूण. पूर्ण वळवताना पुढच्या चाकाकडून टकटक आली तर एक्सलचा जॉइंट पाहावा. खड्ड्यातून जाताना धडधड आली तर बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बॉलजॉइंट तपासून घ्यावेत. सायलेन्सर फुटून भडभड वाढली तर तिकडे केवळ कटकट म्हणून पाहू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत बसल्यावर डोके दुखू लागले, गरगरले, तर आधी काचा उघडाव्यात आणि बाहेर यावे.

प्रत्येक आवाजाने घाबरूनही जाऊ नये. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी थोडा किरकिरतो आणि दोन-तीनदा दाबल्यावर शांत होतो. तो ओलाव्याचा परिणाम. आपल्याकडची काळी माती चाकाच्या आत चिकटून सुकली तरी गाडी थरथरते. ती खरवडून काढली की झाले. पण धुऊनही थरथर राहिली तर गॅरेज गाठावे.

मिस्त्रीकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नये. गार इंजिनाला येतो की गरम झाल्यावर, ब्रेक दाबताना की वळताना, कोणत्या बाजूने, किती दिवसांपासून, हे सांगावे. त्याला सोबत बसवून एक फेरी मारावी. म्हणजे दोष लवकर सापडतो आणि नको ते सामान बदलले जात नाही.

शेवटी घरातील माताभगिनींना आणि प्रवाशांना आमचे सांगणे आहे. रोज चालवणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावतो. मागे बसणाऱ्याला तो आधी ऐकू येतो. ‘दादा, हा आवाज कालपर्यंत नव्हता’ असे म्हणायला संकोच करू नका. आणि चालक बांधवांनो, कोणी असे म्हटले तर रागावू नका. फिटनेसचा कागद तपासणीच्या दिवसाची हमी देतो. आज गाडी कशी आहे, ते तिचा आवाज सांगतो.