कानाकडे कानाडोळा नको!

दाढ दुखली की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी उठून डॉक्टरांच्या दारात जाऊन बसतो. डोळ्यांना कमी दिसू लागले की चष्मा घेतो, त्याची आता कोणाला लाजही वाटत नाही. कानाचे मात्र तसे नाही. कान मुकाट्याने जातो. बहुधा तो दुखत नाही, सुजत नाही. एक कान मंदावला तर दुसरा त्याचे काम सांभाळून घेतो आणि घरातली माणसे म्हणतात, "यांना कामाचं तेवढं ऐकू येत नाही!" अशी थट्टा करण्यात दोन-चार वर्षे निघून जातात. तेवढ्या काळात आत काय चालले आहे, याची कोणी चौकशी करीत नाही. म्हणून या वेळी आम्ही आतल्या कानाचे आजार आणि कानाच्या गाठी हा विषय घेतला आहे.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. दिवसभर कचेरीत फायली हाताळणारे कारकून. परंतु वस्तीतल्या रुग्णांबरोबर कळवा, सायन, केईएमच्या रांगांत उभे राहताना जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते येथे सांगत आहोत. औषध सांगणे हे आमचे काम नाही. कोणत्या दुखण्याला कोणते दार ठोठवावे, एवढेच सांगायचे आहे.

कानाचे तीन भाग

बाहेरचा कान आणि त्याची नळी हा पहिला भाग. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे असतात, तो मधला कान. त्याच्याही आत, कवटीच्या अतिशय कठीण हाडात, आतला कान असतो. त्यात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, ती ऐकण्याचे काम करते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या शरीराचा तोल सांभाळतात. दोन्हींचा निरोप मेंदूकडे नेणारी नस एकच. म्हणूनच आतल्या कानाचे दुखणे कधी बहिरेपणाच्या रूपाने येते, तर कधी चक्करेच्या. शंखातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजेल.

एकाच कानाने कमी ऐकू येते?

वाढत्या वयाचे बहिरेपण बहुधा दोन्ही कानांना सारखेच येते. कारखान्याच्या आवाजाने येणारेही साधारण दोन्हीकडे असते. आम्ही वाणिज्य शाखेचे. जमा आणि खर्चाच्या बाजू जुळल्या नाहीत की कोठेतरी नोंद चुकली आहे, असे आम्हाला शिकवले गेले. कानाचेही तेच आहे. दोन बाजूंत फरक पडला की कारण शोधलेच पाहिजे.

आमच्या ओळखीच्या आंबिवलीच्या एका बाई धुण्याभांड्याची कामे करीत. त्या फोन नेहमी उजव्या कानाला लावत. डाव्या कानाने आवाज यायचा, पण शब्द उमगत नसत. कानात शिट्टीसारखा नाद असे. एका खाजगी दवाखान्यात दीड वर्ष "मळ आहे" म्हणून थेंब दिले गेले. पुढे अंधारात चालताना त्यांचा तोल जाऊ लागला. तेव्हा कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले करणी आहे. अखेर मोठ्या रुग्णालयात ऐकण्याची तपासणी झाली, एमआरआय झाला आणि कानाच्या नसेवर गाठ निघाली.

या गाठीला डॉक्टर अकूस्टिक न्यूरोमा किंवा व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते, शरीरात इतरत्र पसरत नाही. तिचे प्रमाणही कमी, वर्षाला लाखात एक-दोन माणसे. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान आढळते आणि सावकाश, वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढते. मात्र तिची जागा वाईट आहे. तेथूनच चेहऱ्याची नस जाते आणि पलीकडे मेंदूचे खोड आहे. गाठ मोठी झाली की चेहरा बधिर होतो, चाल अडखळते, डोके दुखते आणि प्रसंगी जिवावर बेतते. बहुतेकांना पहिले लक्षण एकच असते : एका कानाचे कमी ऐकणे. तेव्हाच तपासले तर उपायाच्या वाटा अनेक, उशीर झाला तर वाट एकच, मोठ्या ऑपरेशनची.

तपासणी कशी होते?

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञ पडदा पाहतात. मग नादकाटा वाजवून कपाळावर आणि कानामागे धरतात. तेवढ्यावरून दोष मधल्या कानात की नसेत, याचा अंदाज येतो. त्यानंतर ऑडिओमेट्री : बंद खोलीत कानाला यंत्र लावून निरनिराळे सूर ऐकवतात आणि आलेख काढतात. यात सुई नाही, वेदना नाही, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. दोन कानांच्या आलेखात मोठा फरक दिसला तर शिरेतून औषध देऊन एमआरआय काढतात. त्यात काही मिलिमीटरची गाठही दिसते. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठ निसटू शकते, म्हणून "स्कॅन झाला, काही नाही" एवढ्यावर न थांबता कोणता स्कॅन झाला, हे विचारावे.

उपाय तीन. गाठ लहान असेल, त्रास कमी असेल, तर ठरावीक काळाने एमआरआय काढून नुसती नजर ठेवतात. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत, हाही उपचारच आहे, पण तारीख चुकवायची नाही. दुसरा, गॅमा नाईफसारखे नेमके किरण देऊन वाढ थांबवणे. नावात सुरी असली तरी यात कापाकापी नसते, पण साधारण तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीलाच तो सोयीचा. तिसरा उपाय शस्त्रक्रिया. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या ऑपरेशनात बहुतेक रोगी दगावत. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी हे प्रमाण पुष्कळ खाली आणले आणि १९६० नंतर विल्यम हाऊस यांनी सूक्ष्मदर्शक वापरून चेहऱ्याची नस वाचवण्याची वाट दाखवली. वर सांगितलेल्या बाईंची शस्त्रक्रिया महापालिकेच्या रुग्णालयात झाली. त्या कानाचे ऐकणे गेले, चेहरा काही महिने वाकडा राहिला, मग सुधारला. आज त्या कामावर जातात. दीड वर्ष आधी आल्या असत्या तर कदाचित ऐकणेही राहिले असते.

आणखी काही गाठी आहेत. नाडीच्या ठोक्याबरोबर एका कानात धडधड ऐकू येत असेल, तर पडद्यामागे रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. ही बायकांत अधिक आढळते. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे वारंवार पाणी साठत असेल, तर नाकाच्या मागची बाजू दुर्बिणीतून पाहून घ्यावी लागते, कारण मूळ दोष तेथील गाठीत असू शकतो. बरी न होणारी जखम, कानातून रक्त आणि सतत ठणका हे कर्करोगाचे लक्षण ठरू शकते.

मुलांचा वाहणारा कान

आपल्या वस्त्यांत याहून कितीतरी जास्त दिसतो तो घाण वास मारणारा, वाहणारा कान. "लहानपणी सगळ्यांचेच वाहतात" म्हणून आई कापूस कोंबते, आजी गरम तेल सोडते. काही वाहणाऱ्या कानांत कोलेस्टिअटोमा नावाची कातडीच्या पापुद्र्यांची गाठ असते. ती खरी गाठ नव्हे, पण हाड खात जाते. हातोडी-ऐरण खाते, मग चेहऱ्याची नस, मग मेंदूपर्यंत पू पोहोचवते. यावर थेंब चालत नाहीत, कानामागच्या हाडाचे ऑपरेशन करावे लागते. सहा आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत असेल, वास येत असेल, तर तज्ज्ञांनाच दाखवावे. तेल, केसांची पिन, काडी आणि स्टेशनबाहेर बसणारे कान साफ करणारे, या चौघांना कानापासून दूर ठेवावे.

अचानक ऐकू येईनासे झाले तर

ज्येष्ठ पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केले, की विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले. विषाणूच्या हल्ल्यामुळे नसेचे बहिरेपण आल्याचे निदान डॉक्टरांनी केले, असेही त्यांनी सांगितले. त्यांनी लपवले नाही, हे चांगलेच केले. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत कान गेला, तर ती तातडीची बाब समजावी. स्टिरॉइडची औषधे पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उपयोग होण्याची शक्यता अधिक, दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने कमी होते. "सर्दीने कान बसला असेल, पगार झाल्यावर बघू" असे म्हणण्यात कान जातो. कामाचा एक खाडा परवडेल, कान पुन्हा मिळणार नाही.

चक्कर म्हणजे करणी नव्हे

पलंगावर कूस बदलली, वर फळीवरचा डबा काढायला मान उचलली की घर फिरते आणि मिनिटभरात थांबते, ही फार आढळणारी चक्कर. आतल्या कानातील चुन्याचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत शिरतात. डॉक्टर रुग्णाला झोपवून, डोके ठरावीक पद्धतीने वळवून ते खडे परत जागेवर नेतात. इप्ली यांच्या नावाची ही युक्ती पाच-दहा मिनिटांची असून पुष्कळांना एका-दोन खेपेत आराम पडतो. वर्षानुवर्षे गोळ्या खाण्याचे कारण नाही.

काही तास टिकणारी चक्कर, सोबत उलटी, कान गच्च होणे, नाद आणि कमी-जास्त होणारे ऐकणे असेल, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. फ्रान्सच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले, की अशा चक्करेचे मूळ मेंदूत नसून कानात असते. यात मीठ कमी करायला सांगतात, म्हणजे पापड, लोणचे, सुकट आवरते घ्यावे लागते. मात्र चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एक हात लुळा पडला, दोन-दोन दिसू लागले, तर तो कानाचा नव्हे, मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा क्षणाचाही विलंब नको. आणि कोणत्याही चक्करेत लिंबू-मिरची, अंगारा, उतारा यांवर घालवलेला दिवस हा वाया गेलेला दिवस.

आवाज, औषधे आणि आपण

आंबिवली-मोहने-शहाडच्या पट्ट्याने रेयॉनच्या कारखान्यांवर पिढ्या जगवल्या. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, पण त्या काळचे कामगार आज साठी-सत्तरीत आहेत. यंत्रांच्या आवाजाने येणारे बहिरेपण आणि कार्बन डायसल्फाइडची बाधा हे दोन्ही १९४८ च्या कारखाने कायद्यातील रोगांच्या यादीत नोंदले गेले होते. या रसायनाची वाफ आणि मोठा आवाज एकत्र आले की ऐकण्यावर अधिक परिणाम होतो, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा जुन्या कामगारांनी एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि डॉक्टरांना आपण कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, हे जरूर सांगावे. पूर्वी क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेल्यांनीही ते सांगावे, कारण त्याने आतल्या कानाचा तोल बिघडतो.

आता हिशेब ऐका. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो, असे तज्ज्ञ धरतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे! हळदीत, गणपतीत आणि आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर पोरे चार-चार तास नाचतात. बाबासाहेबांची जयंती ही मुलांना शहाणे करणारी असावी, बहिरे करणारी नसावी. हे आम्ही आपल्याच घरात बोलतो आहोत, म्हणून राग नसावा.

कोठे जावे?

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईत सायन, केईएम, नायर, जे. जे. येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. ऐकण्याच्या तपासणीसाठी आणि श्रवणयंत्रासाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर तेथून पुढची चिठ्ठी घ्यावी. शस्त्रक्रिया सांगितली तर भरती होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. आणि कारकून म्हणून एक सांगणे : प्रत्येक कानाचा आलेख, प्रत्येक चिठ्ठी तारखेवार एका फाईलीत लावावी. डॉक्टर बदलतात, कागद बोलतो.

येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर प्रत्येकाने एक करावे. फोन आधी एका कानाला, मग दुसऱ्याला लावावा आणि शब्द सारखेच स्पष्ट येतात का, ते पाहावे. आजी-आजोबांचे आणि शाळेतल्या मुलांचेही पाहावे. फरक जाणवला तर सोमवारी केसपेपर काढावा. यासाठी पैसा लागत नाही, फक्त आपल्याच कानाचे ऐकावे लागते.