सर्च करून न सापडलेलं गाणं

मी कॉन्व्हेंटची. ओवी म्हणजे माझ्यासाठी पुस्तकातला धडा. मग नेटवर ‘पारी’चा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सापडला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जमवलेल्या १ लाखावर ओव्या! २०१७ पासून त्या तिथे येऊ लागल्या. मुळशीच्या बायकांचे आवाज हॉस्टेलच्या खोलीत ऐकले आणि घरची आठवण आली.

पण आमच्या गोंदियाकडे रोवण्याच्या वेळी बांधीत आजी म्हणायची ते गाणं खूप शोधलं. नाहीच मिळालं. कसं मिळेल? कुणीतरी आधी जाऊन ऐकलं, तेवढंच नेटवर येतं. सुट्टीत घरी गेलात की आजीला विचारून एक तरी गाणं रेकॉर्ड करा, नाव-गाव-तारखेसकट. माझी आजी आता मधलं कडवं विसरते. ते कुठलं सर्च इंजिन आठवून देणार?